परतीचं भाडं

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४, रात्री उशिरा

दसरा होऊन दोन दिवस झाले, टीव्हीजवळची आपट्याची पानं अजून उचललेली नाहीत. मिल्टन वादळाने अडवून ठेवलेलं फाल्कन हेवी रॉकेट आज ९.३६ ला फ्लोरिडातून सुटलं. वर सहा टनांचं युरोपा क्लिपर यान, निघालंय गुरूच्या चंद्राकडे.

आई शेजारी बसली होती. तिला रॉकेटशी देणंघेणं नाही, तिला बूस्टर, म्हणजे सुरुवातीला रॉकेट वर ढकलणारे खालचे भाग, उतरताना बघायचे असतात. २०१८ मध्ये पहाटे सव्वादोनला मी तिला उठवलं होतं. दोन्ही बूस्टर जोडीने जमिनीवर टेकले तेव्हा तिने चक्क हात जोडले होते.

‘आज कुठे उतरणार गं?’

‘आज नाही उतरणार. पायच लावलेले नाहीत.’

‘अगं, मग एवढ्या महागाच्या वस्तू समुद्रात?’

तिला म्हटलं, परतीचं भाडं राखून ठेवलं की पुढे जायला पैसे कमी उरतात, तसं आहे हे. किनाऱ्यावर परतायचं तर इंजिनं तीनदा पेटवायची: वेग उलटा फिरवायला, दाट हवेत शिरताना आणि टेकताना. त्यासाठी राखलेलं इंधन यानाला ढकलायला मिळत नाही; वर त्याचंच ओझं. एकाच बूस्टरचं साधं फाल्कन ९ घे, दूरच्या कक्षेकडे बूस्टर वाचवून साडेपाच टन नेतं, टाकून दिला तर ८.३. हेवीचा तो पृथ्वीजवळच्या कक्षेसाठीचा ६४ टनांचा आकडा मिरवतात ना, तोही शेजारी-शेजारी जोडलेले तिन्ही बूस्टर बुडवले तरच. मधला तर बहुतेकदा जातोच. तो बाजूच्या दोघांनंतर सुटा होतो, तोवर वेग फार झालेला असतो.

आजचे बाजूचे दोघं पाच वेळा परत आले होते. गेल्या ऑक्टोबरात सायकी यान यांनीच नेलं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि तिघांना बुडवूनही सरळ वाट परवडली नाहीच! आधी ठरलेलं नासाचं महाकाय एसएलएस रॉकेट तीनेक वर्षांत थेट पोचवणार होतं. आता वेग कमवायला मंगळाला वळसा, मग २०२६ च्या डिसेंबरात पुन्हा पृथ्वीला, आणि गुरू एप्रिल २०३० मध्ये. पण एसएलएसचा खर्च बघता मीही हाच सौदा केला असता.

पावणेअकराच्या सुमारास यानाचा सिग्नल आला. आई तोवर झोपली होती.