आमची वाटचाल : अडकलेल्या पंपापासून टाकीतल्या तेलापर्यंत

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमचे छोटे वर्कशॉप आहे; बोटींच्या इंजिनांत दाबाने डिझेल सोडणारे पंप आणि नोझल आम्ही दुरुस्त करतो. वडिलांनी एका जुन्या टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप फिरवून तपासण्याच्या यंत्रावर, ते सुरू केले. बोटीचा पंप खोलायचा, झिजलेला भाग बदलायचा आणि कॅलिब्रेशन करून, म्हणजे तेल सोडण्याचे माप जुळवून, परत द्यायचा, एवढेच आमचे काम आहे असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवल्या जातात आणि टाकीत उरलेले डिझेल तसेच पडून राहते. ऑगस्ट लागला की अडकलेल्या पंपांची आमच्या दारात रांग लागत असे. “तेलात भेसळ आहे,” असे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणत आणि आम्हीही ते मान्य करीत असू. एका वर्षी मात्र आम्हीच दुरुस्त करून दिलेला पंप पंधरा दिवसांत भर समुद्रात अडकला आणि ती बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली. तो पंप मी स्वतः खोलला. प्लंजरवर, म्हणजे पंपात तेल ढकलणाऱ्या दट्ट्यावर, मधाच्या रंगाचा चिकट थर होता. तो डिझेलने निघेना, रॉकेलनेही निघेना. रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवल्यावर सुटला, तेव्हा त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत होता. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी पुढे आम्हाला नीट समजावले की हा थर भेसळीचा नसून त्याच तेलाचा आहे. डिझेल ज्यांचे बनलेले असते त्या हायड्रोकार्बनच्या रेणूतून एक हायड्रोजन निघाला की उरलेला मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार शोधणारा अर्धवट रेणू, हवेतला ऑक्सिजन धरतो आणि पेरॉक्सी मूलक बनतो. हा मूलक शेजारच्या रेणूतला हायड्रोजन ओढून स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होतो आणि साखळी पुढे चालू ठेवतो. हायड्रोपेरॉक्साइड फुटून आल्डिहाइड, कीटोन आणि आम्ले तयार होतात, आणि त्यांतले काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन राळ बनते. तांब्याची नळी असली तर तेलात उतरलेले तांबे हे फुटणे आणखी वेगाने घडवते.

मला सर्वांत विलक्षण वाटले ते असे की इंजिनाच्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटते तेही याच कुळातल्या पदार्थांमुळे. ज्वाळा दिसण्याआधी, साधारण २५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, पेरॉक्सी मूलक शेजाऱ्याकडे न जाता आपल्याच साखळीतला हायड्रोजन ओढतो, आणखी एक ऑक्सिजन रेणू धरतो आणि कीटोहायड्रोपेरॉक्साइड नावाचे सहज फुटणारे संयुग तयार होते. ते फुटले की एकाचे अनेक मूलक होतात आणि प्रक्रिया भडकते. तापमान आणखी वाढले तर पेरॉक्सी मूलकातला ऑक्सिजन परत सुटू लागतो आणि वेग काही काळ उलट मंदावतो. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड फुटू लागले की खरा पेट घेतला जातो. खरा पेट घेण्याआधी दिसणाऱ्या फिकट निळ्या, कमी तापमानाच्या ‘शीत ज्योती’चा उजेड उत्तेजित फॉर्माल्डिहाइडचा असतो. म्हणजे जुन्या तेलातले पेरॉक्साइड पेट घेण्याला अडथळा करीत नाही, उलट मदतच करते. घात होतो तो त्यातून पुढे बनणाऱ्या राळेमुळे. तेल ‘मेले’ आहे, असे मी त्यानंतर कोणाला सांगितले नाही.

हे उमगल्यावर आमच्या कामाची दिशाच बदलली. पंपाबरोबर टाकी, फिल्टर आणि नळ्या पाहिल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. तांब्याच्या नळ्या काढून स्टीलच्या बसवतो. ऑक्सिडीकरण रोखणारे औषध ताज्या तेलातच घालावे लागते, कारण ते पेरॉक्सी मूलकाला हायड्रोजन देऊन साखळी तोडते. तेल बिघडल्यावर ते ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, हे गिऱ्हाइकांना पटवण्यात आमची दोन-तीन वर्षे गेली. टाकीत तेल ठेवायचेच असेल तर ती काठोकाठ भरावी, म्हणजे हवा आणि दमट हवेतले पाणी दोन्ही कमी राहतात. नाहीतर पूर्ण रिकामी करावी.

बंदीच्या आदल्या दिवशी काही तांडेल आता स्वतःहून टाकीतल्या तेलाची एक बाटली आणून देतात. बोटीचे नाव लिहून आम्ही ती कपाटात ठेवतो आणि ऑगस्टमध्ये त्याच टाकीतले तेल तिच्याशेजारी उजेडात धरतो. काहींचा फिकट पिवळा रंग तसाच राहिलेला असतो, काहींचा कोऱ्या चहासारखा झालेला असतो. त्या दुसऱ्या बोटींच्या टाक्या आम्ही पंप बसवण्याआधी उतरवून घेतो.