बावन्न वजा सत्तावीस

शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणातल्या सराव पाठांचा तिसरा आठवडा संपला एकदाचा. पाठ टाचणं, म्हणजे तासाला काय कसं शिकवायचं त्याची आखणी, लिहून लिहून बोटं दुखायला लागलीत आणि खरं सांगू का, वर्गात पाय टाकला की त्यातलं निम्मं पहिल्या पाच मिनिटांतच हवेत जातं.

परवा दुसरीला हातच्याची वजाबाकी घेत होते, 52 - 27. एका मुलीचं उत्तर आलं 35. म्हटलं परत कर, तर परत 35च. तिसऱ्यांदा मी गप्प बसून नुसतं बघितलं तर काय, 2 मधून 7 जात नाहीत म्हणून बाईसाहेब सरळ 7 मधून 2 काढत होत्या! मोठ्यातून लहान काढायचं, हे कोणीतरी मोठ्यांनीच शिकवलेलं असणार ना. मग काड्या काढल्या, दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. तिनेच एका गठ्ठ्याचा रबर सोडला, बारा सुट्ट्या मोजल्या आणि म्हणाली "अय्या, मग इथे चारच गठ्ठे उरले की".

पाठ बघायला बसलेल्या मॅडमनी निरीक्षण वहीत मात्र वेगळंच लिहिलं, प्रश्न विचारल्यावर थांबत नाहीस. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात हेच मांडलं होतं, शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त मोठी उत्तरं देतात. परीक्षेत यावर पानभर लिहिलंय मी! पण वर्गात तीन सेकंद किती लांब असतात काय सांगू... आता मनात आकडे मोजते, आणि दोनलाच तोंड उघडते.