भाचीचं ॲडमिशन : गारगोटी ते कोल्हापूर, दोन हेलपाटे

मेरिट लिस्टला नाव लागलं आणि जुलैच्या भर पावसात भाचीला घेऊन गारगोटीहून पहिली एसटी धरली. तिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाला, म्हणजे सीबीएसला उतरून केएमटीनं (शहर बसनं) कॉलेजात पोचेपर्यंत बी.एस्सी. भाग एकची रांग जिन्यावर चढली होती.

आधी कागदांचं. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, आधार, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. सीबीएसईवाल्यांनी मायग्रेशन (बोर्ड बदलल्याचा दाखला) विसरू नये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला (एल.सी.) कॉलेज ठेवून घेतं, म्हणून झेरॉक्स गावातूनच काढून न्या आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदत मात्र डोळे फाडून बघा. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो. आमचा संपलेला होता, हे खिडकीवर कळलं. फी सवलतीची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी. तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर भरायचा तर हा दाखला लागतोच, शिवाय बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. दुसरा हेलपाटा पडला तो यामुळंच.

पण पहिल्या दिवशी आमचं घोडं अडलं ओटीपीवर. एबीसी आयडी पाहिजे म्हणाले. म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा आकडी नंबर, मुलाचे क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे अभ्यासाचे गुणांक) त्यात जमा होतात. डिजिलॉकरवरून पाच मिनिटांत निघतो, जर आधारचा मोबाईल जवळ असेल तर. तिच्या आधारला नंबर दाजींचा. दाजी भातलावणीत, फोन बांधावर पिशवीत. चौथ्यांदा उचलला.

"कसला ओटीपी? कुणाला सांगायचा न्हाई म्हणत्यात की."

"अहो दाजी, मी बोलतोय."

"आवाज तुझाच हाय. पण तेच तर करत्यात म्हणं."

शेवटी भाचीनं फोन घेतला. "चार... सात... थांब, काचेला चिखल लागलाय." तोवर मुदत संपली. परत पाठवला, परत आकडे. हे काम घरी बसून आदल्या आठवड्यात उरका.

एवढी धावपळ कागदांसाठी, आणि ज्यावर पुढची तीन-चार वर्षं ठरतात ती विषयांची निवड? तिला टेबलावर मोजून पाच मिनिटं. आमच्या पुढच्या मुलीनं मैत्रिणीचा फॉर्म बघून खुणा केल्या. नव्या शैक्षणिक धोरणात सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात. इथं पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम), आणि तिसऱ्या विषयाला रामराम. म्हणजे तीन विषयांचा ग्रुप घेतानाच मेजर कोणता करायचा आणि तो विषय या कॉलेजात शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, हे विचारा. खिडकीवर नको, डिपार्टमेंटला जाऊन विचारा.

"मामा, केमिस्ट्री मी सोडत नाही, मॅथ्स सोडतो," भाची म्हणाली. (बाहेरच्यांनी दचकू नये, आमच्याकडं मुलीही 'सोडतो'च म्हणतात.)

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीचा जादा विषय, आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. तिथं नाव बघून भुलू नका, वेळ बघा. रोज येऊन-जाऊन करणाऱ्याला वेळापत्रक हाच पहिला विषय. भाचीला आवडलेला तास सकाळी साडेसातचा निघाला. गारगोटीहून सुमारे पन्नास किलोमीटर, त्यात जुलैचा रस्ता. तिनं दुपारचा घेतला, तोंड पाडून. तिचं चुकलं असं मला अजून वाटत नाही.

दुसऱ्या हेलपाट्याला इंडक्शन (नव्या मुलांना कॉलेजची ओळख) होतं, बॅनरवर 'दीक्षारंभ'. दोन तास भाषणं. पालकांच्या मागच्या ओळीत एक गृहस्थ व्यवस्थित घोरत होते. उपयोगाचं सगळं शेवटच्या अर्ध्या तासात आलं, तोवर निम्मा हॉल चहाला गेलेला. ग्रंथालयाचं कार्ड, ७५ टक्के हजेरी, रॅगिंगविरोधी ऑनलाईन हमीपत्र (पालकांचंही लागतं). हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, मुलांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. प्रॅक्टिकलच्या बॅचेस नोटीस बोर्डावर लागतात, त्यांचा फोटो काढा.

राहण्याची सोय बघायची असेल तर दसरा चौकाच्या आसपास एक चक्कर मारा. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेली बोर्डिंगं (वसतिगृहं) तिथं आहेत. पहिलं मराठा बोर्डिंग १९०१ चं. अर्ज वेगळा करावा लागतो, ॲडमिशनची पावती जवळ असू द्या.

आणि एसटीच्या पासासाठी बोनाफाईड (कॉलेजात शिकत असल्याचा दाखला) ॲडमिशनच्याच दिवशी मागून घ्या. ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भरायचा. खिडकी सोडण्याआधी बोनाफाईडवर शिक्का आहे का बघा. आमच्या दाखल्यावर सही होती, शिक्का नव्हता.