फिकट गुलाबी ट्यूब

माजलगावला एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, डीएमएलटी करून ११ वर्षं झाली. रोज ४०-५० सॅम्पल, त्यात शुगर आणि लिपिड प्रोफाइलच जास्त. गेल्या फाल्गुनातला एक दिवस मात्र मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

सकाळी साडेसातला अप्पा आले, उपाशीपोटी, सोबत थोरला मुलगा. वय ६१, शुगर आहे, ऊस आणि थोडा कापूस करतात, दरवर्षी येतात त्यामुळे ओळखीचे. दंडाला पट्टा बांधत होते तेवढ्यात म्हणाले, "ताई, दीड वर्ष झालं कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करून, तरीबी बघा कमीच येतंय का नाही." मुलगा लगेच म्हणाला, मीच बंद करायला लावली, त्या गोळीनं लिव्हर सडतं असा व्हिडिओ आला होता मोबाईलवर. बाहेर १५ माणसं थांबलेली, मी नुसती मान हलवली.

आमच्याकडे सेमी ऑटो मशीन आहे, म्हणजे बरंचसं काम हातानेच. कोलेस्ट्रॉलसाठी १ एमएल रिएजंटमध्ये १० मायक्रोलिटर सिरम, म्हणजे रक्तातला वरचा स्वच्छ द्रव, टाकायचं, ३७ डिग्रीला ५ मिनिटं ठेवायचं की गुलाबी रंग चढतो, आणि कोलेस्ट्रॉल जितकं जास्त तितका रंग गडद. शेजारी २०० चं स्टँडर्ड, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं द्रावण, तुलनेला लावलेलं असतं. स्टँडमध्ये अप्पांची ट्यूब त्या स्टँडर्डशेजारी उभी होती आणि इतकी फिकट दिसत होती की मशीनला द्यायच्या आधीच मला शंका आली. ९२ आलं. वाटलं पिपेटमध्ये बुडबुडा आला असेल, परत लावलं, ९४. मशीन तपासायला लावतो तो कंट्रोल बरोबर येत होता.

मग कॉम्प्युटरवर जुने रिपोर्ट काढले. ३ वर्षांपूर्वी २४६, तेव्हाच डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी चालू केली होती. पुढच्या वर्षी गोळीवर १६८, ते ठीकच. मागच्या वर्षी १३१, आणि तेव्हा गोळी बंद होऊन सहा महिने झाले होते. गोळी बंद केल्यावर आकडा परत २४० च्या आसपास जायला पाहिजे ना, तो उलट खाली कसा चालला? आमचं सॉफ्टवेअर २०० च्या वर गेलं की आकडा ठळक करतं, खाली कितीही जाऊ दे, रिपोर्टवर काहीच उमटत नाही. मागच्या वर्षीचा तो १३१ चा प्रिंट मीच अप्पांच्या हातात दिला होता आणि "छान आलंय अप्पा" म्हणाले होते. गोळी चालू आहे का एवढं विचारलं असतं तरी... हे मला अजून टोचतं.

तोवर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, निघाला होता, प्लेटलेट ८४ हजार, बरेच कमी, आणि लिव्हर बिघडलं की प्लेटलेटही उतरतात. स्लाइड करून बघितली, गुठळ्या नव्हत्या, आकडा खराच होता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला, त्यांनी अप्पांच्या डॉक्टरांशी बोलून उरलेल्या सिरमवर लिव्हरच्या टेस्ट आणि हिपॅटायटिस बी लावायला सांगितलं. रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन २.९, म्हणजे कमी, आणि बिलिरुबिन १.६, लिव्हरची एन्झाइम एसजीओटी ७१, एसजीपीटी ४८, हे तिन्ही वाढलेले. हिपॅटायटिसच्या कार्डवर एकच रेघ यावी म्हणून मी बघत बसले आणि दुसरी रेघ हळूहळू उमटली, म्हणजे पॉझिटिव्ह.

आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शरीरातलं कोलेस्ट्रॉल बनवण्यात लिव्हरचा वाटा मोठा, आणि बाहेरून आलेलं, आत बनलेलं बरंचसं रक्तात सोडायचं कामही त्याचंच, अल्ब्युमिनसुद्धा तिथंच बनतं. स्टॅटिन लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतं, मग लिव्हरला कोलेस्ट्रॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं कोलेस्ट्रॉल जास्त ओढून घेतं. म्हणजे मोटार लावल्यावर विहिरीची पातळी खाली जाते तसं, झरा जिवंत असतो, मोटार बंद केली की पाणी परत चढतं. अप्पांच्या विहिरीची मोटार दीड वर्ष बंद होती आणि तरी पाणी खाली चाललं होतं, म्हणजे झराच आटत होता.

आता हे वाचून कुणी आपला १२० चा रिपोर्ट घेऊन घाबरू नका. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली, खाणं कमी पडलं, मोठं आजारपण झालं तरी कोलेस्ट्रॉल उतरतं, काही जणांचं तर जन्मापासूनच कमी असतं. आधी जास्त असलेलं गोळीशिवाय वर्षावर्षाला घसरत गेलं तर मात्र कारण शोधायला पाहिजे.

दुपारी सोनोग्राफी झाली. लिव्हर खडबडीत, सिरॉसिस म्हणजे व्रणांनी कडक झालेलं, आणि उजव्या बाजूला ४ सेंटीमीटरची गाठ.

संध्याकाळी शटर अर्धं खाली घेतलं होतं तेव्हा मुलगा एकटाच आला. छत्रपती संभाजीनगरला सीटीला जायचं म्हणून सगळे रिपोर्ट एकत्र पाहिजे होते. प्रिंट निघत असताना त्याने विचारलं, "ताई, त्या गोळीनंच झालं का हे?" मी म्हणाले नाही दादा, हिपॅटायटिस बीचा व्हायरस बहुतेक कितीतरी वर्षं आत असणार, गोळी तर तीन वर्षांपूर्वीची. गोळीने लिव्हर सडतं हे खरं नाही, काही जणांचं एसजीपीटी थोडं वाढतं पण गंभीर इजा फार क्वचित, म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये ह्या गोळीसाठी दर थोड्या महिन्यांनी लिव्हर टेस्ट करायची अट काढून टाकली. फॅटी लिव्हरवाल्यांना सुद्धा डॉक्टर देतात, फक्त लिव्हर पार थकलेलं असेल, पोटात पाणी झालं असेल तर जपून.

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ काही बोललाच नाही, मग एकदम म्हणाला, "मग मी बंद केली म्हनून झालं का?"

ह्याला काय सांगू मला कळेना. मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या अगदी शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, तैवानमध्ये हिपॅटायटिस बी असलेल्या लोकांच्या नोंदी बघितल्या तर स्टॅटिन घेणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी दिसला हे खरंय, दुसऱ्या देशांतही तसंच दिसलंय. पण ज्यांचं लिव्हर आधीच फार बिघडलंय त्यांना डॉक्टर ही गोळी सहसा देत नाहीत, मग घेणारे मुळातच जरा धडधाकट निघतात आणि आकडे गोळीच्या बाजूने झुकतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून हृदयासाठी ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत कॅन्सर ना वाढला ना कमी झाला, अर्थात त्यांत लिव्हरचे पेशंट फारसे नव्हतेच. तेव्हा गोळीने हे थांबलं असतं असं मी तुला सांगू शकत नाही, आणि तुझ्यामुळे झालं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. अजून म्हणाल्या, कोलेस्ट्रॉल कमी असलेल्यांत कॅन्सर जास्त असं जुन्या अभ्यासांतही दिसलं होतं आणि कोलेस्ट्रॉल उतरवलं तर कॅन्सर होईल अशी भीती पसरली होती, पण आजार आधी सुरू होतो आणि त्याने कोलेस्ट्रॉल उतरतं असंही असतं, तुझ्या वडिलांचं तेच झालंय. व्हायरस आधी, गाठ नंतर, आकडा हा त्याचा परिणाम.

तो रडला. मी पाणी दिलं आणि म्हणाले, आता घरातल्या सगळ्यांना घेऊन ये, हा व्हायरस रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जातो, नवराबायकोत जातो.

सीटीत कॅन्सरच निघाला. प्लेटलेट कमी, लिव्हर कडक, त्यामुळे कापून काढता येणार नव्हतं. जांघेतल्या धमनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद केला आणि व्हायरसची गोळी चालू झाली, ती आता कायमची. अप्पा मधे येऊन गेले, वजन उतरलंय पण शेतावर जातात.

घरची माणसं चौथ्या दिवशी आली, सहा जण. चौघांचं निगेटिव्ह, त्यांना लस चालू केली, आज एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी एक. अप्पांची बायको आणि धाकटा मुलगा पॉझिटिव्ह निघाले. दोघांची सोनोग्राफी स्वच्छ आहे, दर सहा महिन्यांनी करायला सांगितलीय. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, तो मुलीला घेऊन स्वतःच लॅबमध्ये आला आणि म्हणाला, ताई, हिची टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर लस आधी अन तारीख नंतर. तिची निगेटिव्ह आली.

लिपिडच्या चिठ्ठीवर मी आता प्रत्येकाला विचारून पेनाने लिहिते, गोळी चालू का बंद, आणि जुना आकडा शेजारी. वेळ लागतो, बाहेरची माणसं कुरकुरतात, तरी लिहिते.