हॉलमधला दोडका

आमच्या हॉलमध्ये दोडक्याचा मांडव आहे, किचनमध्ये भेंडी आणि मास्टर बेडरूममध्ये वांगी. आता हॉल, किचन, बेडरूम हे सगळं अजून नकाशातच आहे ही गोष्ट वेगळी. कोल्हापूरला लागून पाचगावच्या बाजूला आम्ही दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला, म्हणजे सोळाशे स्क्वेअर फुटाच्या जरा वर, घर बांधायचं म्हणूनच घेतला, इंजिनिअरकडनं नकाशाही काढून घेतला, मग सळी महागली, मग सिमेंट महागलं, मग पोराची फी आली आणि नकाशा गुंडाळून कपाटावर गेला. प्लॉटात काँग्रेस गवत माजलं कमरेएवढं. शेजारच्या प्लॉटवाल्या मामांनी एकदा हटकलंच, "काय ओ सर, साप पाळायचा इचार हाय काय?" तिथनं हे सुरू झालं.

माती म्हणाल तर नव्हतीच, नुसता मुरूम. टिकाव मारला की हाताला झिणझिण्या. मग एक ट्रॉली काळी माती टाकली, एक ट्रॉली शेणखत, आणि मामांच्या गावाकडनं उसाचं पाचट. आपल्याकडं कशाचीही टंचाई होईल पण पाचटाची नाही, आणि लोक ते काडी लावून मोकळे होतात! वाफ्यावर चार बोटं जाड अंथरलं की ओल टिकते, तण दबतं, आणि पुढच्या पावसापर्यंत त्याचंच खत होतं. फुकटात एवढं काम करणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

उन्हाळ्यात तिकडं प्यायच्या पाण्याचीच बोंब, भाजीला कुठनं घालणार, त्यामुळं आमचा सगळा कारभार मिरगापासून भोगीपर्यंत. ७-८ जूनला मिरीग निघाला की बिया टोकायच्या. दोडका, कारली, भेंडी, गवार, कडेनं पावटा. वांगी-मिरचीचं रोप तयारच आणायचं, तिथं हौस करायची नाही, मी एकदा केलीय. शेवग्याची फांदी मात्र कुणाकडनंही मागून आणावी आणि खुपसावी, ती लागते.

दोडका मला आवडायचा नाही. अजूनही फार आवडतो असं नाही, पण त्याचं फूल संध्याकाळी उमलतं हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. ऑफिस सुटल्यावर गाडी लावून फाटक उघडावं तर अख्खा मांडव पिवळा. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, तेव्हा मी घाबरून मामांना विचारलं होतं की हे वांझ बियाणं गळ्यात मारलं की काय, ते म्हणाले दम धरा. आठवड्याभरात मागं बोटभर दोडका चिकटलेली फुलं दिसायला लागली. श्रावण लागला की मग आवरत नाही. आज चार, उद्या नऊ. हरभऱ्याची डाळ घालून भाजी, कूट लावून भाजी, शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी, आणि पानाआड लपून जून झालेला निघाला की तो तसाच वेलावर वाळवून अंघोळीला घासणी. पोरगं ताटात बघून म्हणतं, "पप्पा, आज परत हॉल?"

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा त्यानं एक अक्षर काढलं नाही. तेव्हा आमची बाग दुसऱ्याच वर्षाची. जो तो मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसलेला, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि पाणी तर त्याच्याही कितीतरी वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, मंडईत भाजी नाही. पाचगाव उंचावर, तिथं पाण्याची भीती नव्हती. शाहूपुरीतलं पाहुण्यांचं घर पाण्यात गेल्यामुळं आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा माणसं, आणि सहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोडका, भाकरी, खर्डा. मिरच्या पण तिथल्याच, तव्यावर लसूण-शेंगदाण्याबरोबर भाजून तिथंच तांब्याच्या बुडानं रगडलेल्या. पाहुणे अजून भेटले की त्या खर्ड्याचं नाव काढतात, दोडक्याचं नाही.

आईचा खरा जीव ऋषिपंचमीत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीच्या भाजीला परड्यातलं अळू, माठ, भेंडी, दोडका, कणीस असं सगळं लागतं. बाजारात त्या दिवशी वाटे करून महाग विकतात, आणि त्यातलं कुठलं नांगरटीचं आणि कुठलं नाही हे कोण सांगणार. आमचं चालतं का यावर घरात चर्चा झाली. खणलं मी कुदळीनं, माती आली ट्रॅक्टरनं, शेणखत म्हशीच्या गोठ्यातलं. बैलाचा कुठंच संबंध नाही. "तुझ्या कष्टाचं हाय, ते चालतंय," आई म्हणाली. बायको लई हसली.

तर या वर्षी दिवाळी झाली आणि कर्जाचं काम एकदाचं मार्गी लागलं. कॉन्ट्रॅक्टर नकाशा घेऊन आला, दोरी लावली, चुन्याची फक्की मारली. पहिल्यांदाच हॉल जमिनीवर दिसला. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा लहान निघाला, दोडक्याचा मांडव त्यात मोठा वाटायचा. पांढरी रेघ बरोबर पावट्याच्या वेलांमधनं गेली. पावट्याचं कसं असतं, दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय तो फुलावरच येत नाही, चार महिने नुसता पाला, आणि आत्ता कुठं जांभळे तुरे आलेले. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "सर, तेवढं काढून घ्या, सोमवारी जेसीबी लावतो."

आई वेलापाशी उभी होती. "आणि भोगीला पावटा काय बाजारातनं आणायचा व्हय?"

कॉन्ट्रॅक्टरनं माझ्याकडं बघितलं, मी बायकोकडं, बायको वांगी तोडत होती, तिनं मान वर केली नाही. शेवटी मीच नकाशा गुंडाळला. जाताना त्याच्या गाडीच्या हुकाला वांग्याची पिशवी अडकवली. तो काही बोलला नाही, पिशवीत वाकून बघितलं फक्त आणि विचारलं, "भोगी कितीला आलीया ओ यंदा?"