ताम्हिणी घाटात गाडीची काच पडली, माणगावात साडेचार हजार मागितले

पुणे ते दिवेआगर, जुलैतला शनिवार. गाडी अकरा वर्षांची. ड्रायव्हरकडची काच तीन महिने कुरकुरत, अडकत वर जात होती आणि मी तिकडे काणाडोळा केला. त्याचीच ही शिक्षा.

निवे गावाच्या पुढे कणसाच्या टपरीपाशी काच खाली केली, पैसे दिले, बटण दाबलं. काच चार बोटं वर आली, पुढे कलली आणि खट्कन दारात गेली. मोटर घरघरतेय, काच ढिम्म. मी रागाने आणखी दोनदा बटण दाबलं. हे अजिबात करू नका. काच तिरकी असताना मोटर आतली केबल ओढत राहते. ती ज्या ड्रमवर गुंडाळलेली असते त्यावरून सुटली की मग खरोखरच काच वर-खाली करणारं मशीन नवं घ्यावं लागतं.

पाऊस आडवा, धुक्यात पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे. ओल्या पत्र्याला टेप चिकटत नाही, त्या नादी लागू नका. मागच्या दाराची काच असती तर दारावर प्लास्टिक टाकून दार लावून घेता आलं असतं. ड्रायव्हरच्या बाजूला तेही नाही, आरसा झाकला जातो. सरळ भिजत उतरा. घाटाखालच्या विळे गावाला पोचेपर्यंत माझी उजवी बाजू पिळून काढण्यासारखी झाली होती.

माणगावात हायवेवरच्या गॅरेजवाल्याने दार न खोलताच निकाल दिला: "मशीन गेलं. साडेचार हजार. पार्ट मंगळवारी येईल." अरे, मोटरचा आवाज तर येतोय! आवाज येत असेल तर आधी दार खोलायला लावा. नाही म्हणाला तर गाडी काढा.

आतल्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक काका भेटले. त्यांनी दार हलवून कान लावला, आत काहीतरी खुळखुळलं. "बोल्ट पडलाय." हँडलमागचा एक स्क्रू, आर्मरेस्टमधले दोन, मग खालून क्लिपा सोडवत दाराचं आतलं पॅड काढलं. काच दोन बोल्टांवर बसते, त्यातला एक दाराच्या तळाशी होता आणि काच मागच्या चॅनेलमधून, म्हणजे ती सरकते त्या खाचेतून, बाहेर आली होती. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत दाबून तिरकी आत घातली, दहाच्या पान्याने बोल्ट आवळले, चॅनेलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस नको म्हणाले, धूळ धरते. पंचवीस मिनिटं, चारशे रुपये. मी पाचशे दिले, त्या आनंदात हजारही दिले असते.

तेव्हा दहाचा पाना, स्टार स्क्रूड्रायव्हर आणि पॅडच्या चार-पाच जास्तीच्या क्लिपा गाडीत ठेवा. माझ्या दोन तुटल्या, दार अजून वाजतं.

दिवेआगरचे दोन दिवस मजेत गेले. परतीला कणीस बायकोच्या बाजूच्या काचेतून घेतलं.