खोड्यामागची प्रार्थना: टेक्सासमधील काउबॉय चर्च

फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्स भागातील काउटाउन कोलिझियम 1908 साली बांधले गेले आणि छपराखालचा जगातला पहिला रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या बैलस्वारीसारख्या कसबांचा सामना, 1918 मध्ये इथेच झाला, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आजही दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तिथे रोडिओ होतो. मी गेलो त्या रात्री ओळखीच्या एका गृहस्थांमुळे मला बैल कोंडतात त्या लोखंडी खोड्यांच्या मागच्या बाजूला उभे राहता आले. एक तरुण स्वार आपला दोर कठड्याला बांधून त्यावर हातमोज्याने राळ चोळत होता; ती तापून चिकट होईपर्यंत त्याचा हात थांबला नाही. मग त्याने टोपी काढून छातीशी धरली, भुशात एक गुडघा टेकला आणि ओठ हलवले. शेजारच्या दोघांनीही टोप्या काढल्या. खोड्यातला बैल तेवढ्यात फळ्यांवर धडका देत होता, पण तिकडे कोणी मान वळवून पाहिले नाही.

स्वाराला बैलाच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद तग धरावा लागतो आणि मोकळा हात बैलाला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की फेरी बाद होते. शंभर गुणांपैकी निम्मे स्वाराचे आणि निम्मे बैलाचे असतात, म्हणजे मवाळ बैल वाट्याला आला तर अंगी कितीही कसब असले तरी गुण बेताचेच पडतात. ज्याने आपल्याला जिवानिशी मारावे असाच बैल मिळावा, ही इच्छा मनात धरून माणूस देवाकडे नेमके काय मागत असेल, हा प्रश्न मला तिथून निघताना पडला.

मी स्वतः अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलो. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1831 पासून तिथे काम उभे केले आणि पुढे ना. वा. टिळकांच्या मराठी भजनांनी आमची उपासना आमच्या वळणाची झाली. डॅलसला आल्यावर मात्र रविवारची ती सवय हळूहळू सुटत गेली, आणि सुटल्याचे फारसे दुःखही झाले नाही. रोडिओच्या पोरांची अडचण वेगळी होती. त्यांचे सामने शनिवार-रविवारीच असतात. एका गावचा आटोपला की रात्रभर ट्रक चालवून पुढचे गाव गाठायचे, मग गावच्या चर्चमध्ये बसायचे कधी? म्हणून उपासनाच रोडिओच्या मैदानावर आली. पुढे टेक्सासमध्ये अशा मंडळ्यांनी कायमचे बस्तान बसवले. वॅक्सहॅचीजवळ 2000 साली सुरू झालेली एलिस काउंटीची काउबॉय चर्च त्यांतली नावाजलेली आहे.

मी ह्युगोलाही गेलो, त्याचे कारण बैलस्वार लेन फ्रॉस्ट. रेड नदी ओलांडली की ओक्लाहोमातले हे छोटे गाव लागते आणि तिथल्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत त्याची कबर आहे. (याच जागी सर्कशीतल्या कलावंतांच्याही कबरी आहेत आणि काही शिळांवर चक्क हत्ती कोरलेले आहेत.) 1987 चा हा जगज्जेता 30 जुलै 1989 रोजी वायोमिंगमधल्या शायेनच्या रोडिओत आठ सेकंद पूर्ण करून उतरला आणि त्याच बैलाच्या धडकेने वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले. मृत्यूच्या थोडे आधी लेनने ख्रिस्ताला स्वीकारले होते, असे त्याचे आई-वडील सांगत आले. काउबॉय चर्चमध्ये ही साक्ष अजून दिली जाते. मला मात्र त्या जाकिटातही तितकीच श्रद्धा दिसते.

एका रविवारी मी वॅक्सहॅचीच्या परिसरातल्या अशाच एका मंडळीत गेलो. पत्र्याची शेड, कंट्री संगीताचा वाद्यवृंद, चिखलाचे बूट. दानार्पणाची थाळी फिरवत नाहीत, दाराशी डबा ठेवलेला असतो. कोणाला पुढे बोलावून सर्वांदेखत पश्चात्तापही करायला लावत नाहीत. चर्चमध्ये आपल्याला कोणी तपासत आहे या भावनेने जो पुरुष वर्षानुवर्षे फिरकला नाही, त्याच्यासाठीच ही सारी मांडणी आहे, आणि त्या दिवशी ती मलाही लागू पडली.

उपासनेनंतर गुरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या टाकीत बाप्तिस्मा व्हायचा होता. टाकी भरेपर्यंत मी खांदा झोळीत अडकवलेल्या एका स्वाराशी बोललो. दुखापतीनंतर तो लहानपणच्या विश्वासाकडे परतला होता आणि तरीही डॉक्टरांनी होकार दिला की पुन्हा बैलावर बसणार होता. मी माझा जुना प्रश्न विचारला. तो म्हणाला, “देवाने मला बैलावर बसवलेले नाही, तो माझा हट्ट. मी एवढेच मागतो की पडलो तरी त्याच्यापासून तुटू नये.” मला हे पूर्णपणे पटले नाही आणि मी तसे बोललोही, तो हसला. तेवढ्यात पाळकांनी हाक मारली, कारण टाकीत उतरलेला गडी सहा फुटांहून उंच होता आणि त्याला पाण्याखाली घालून वर काढायला आणखी माणसे हवी होती. हा आपला एक हात घेऊन धावला, आणि मीही बाह्या सरसावल्या.